खालचा पट्टा

थोरल्या जाऊबाई आपल्याला बेटावर का घेऊन आल्या, हे चार दिवस झाले तरी धाकटीला कळलेलं नव्हतं. आणि एखादी गोष्ट कळली नाही की धाकटीच्या डोळ्याला डोळा लागत नसे. घरात तिला सगळे 'तपासनाका' म्हणत. दुधाच्या पिशवीवरची तारीख, औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातली चिटोरी, काही म्हणजे काही या नाक्यावर थांबल्याशिवाय पुढे जात नसे. पाण्याची बाटली कुणी हातात दिली तरी आधी झाकण फिरवून सील तुटल्याचा आवाज ऐकायची, मगच ती तोंडाला लावायची. जाऊबाईंना त्याचं हसू यायचं. "अगं, मी दिलीय ना बाटली? मी काय विष घालणार आहे?" असं म्हणायच्या. धाकटीही हसायची आणि हसता हसता झाकण फिरवायची.

या सहलीबद्दल मात्र संशय यावा असंच सगळं घडलं होतं. जाऊबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेतल्या लोकांनी त्यांना दोन माणसांची सहल भेट दिली. थोरले दीर जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा लांबच्या देशात, त्याला रजा नाही. मग एका दुपारी जाऊबाईंचा फोन आला. "तू चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत जाऊबाईंनी कामाशिवाय धाकटीला कधी फोन केला नव्हता. "पाणी कुठेतरी मुरतंय," फोन ठेवल्या ठेवल्या ती नवऱ्याला म्हणाली. नवरा टीव्ही बघत होता. "समुद्राचं पाणी आहे ते, मुरून मुरून किती मुरणार? जा की, आयतं मिळतंय तर," तो म्हणाला. पण आयतं काही मिळत नसतं, हे धाकटी दुकान चालवून शिकली होती.

सगळा घोर त्या दुकानाचाच होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, गिऱ्हाइकाला पुढून-मागून दिसावं म्हणून समोरासमोर लावलेले दोन आरसे, आणि अठरा वर्षांत एकेक करून जोडलेल्या बायका. खोली थेट रस्त्यावर उघडत होती, म्हणून दुकान चालत होतं. आणि घर होतं सासूबाईंच्या नावावर. सासूबाई अकरा वर्षं धाकटीकडेच होत्या, पण उद्या त्यांचं काही झालं तर अर्धं घर थोरल्यांचं. वाटणीत कुणी मोरी मागत नाही. मागायची तर रस्त्याकडची खोलीच मागणार. ती खोली गेली की मशिनं माजघरात, गिऱ्हाइकं दुसरीकडे आणि धाकटी स्वयंपाकघरात. याहून वाईट ती काही कल्पू शकत नव्हती.

त्यात जाऊबाईंचं वागणं. विमानात खिडकीची जागा धाकटीला. खोलीत पंख्याखालचा पलंग धाकटीला. रोज संध्याकाळी "आईंचं कसं चाललंय? गुडघा कसा आहे? रात्री उठतात का?" अशी चौकशी. आणि पर्समध्ये एक खाकी पाकीट. दुसऱ्या दिवशी धाकटी अंघोळ करून बाहेर आली तेव्हा जाऊबाई त्यातला कागद वाचत होत्या. तिला बघून त्यांनी तो घडी घालून आत सरकवला. झालं. तेव्हापासून धाकटीचं मन त्या पाकिटापाशीच राहत होतं म्हणा ना.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना जाऊबाईंनी जेवणघराच्या दारातल्या फळ्याकडे बोट दाखवलं. "हे करू या. ती पाण्यावरची स्कूटर. बरोबर गाईड असतो. समोरच्या छोट्या बेटाच्या मागे नेतो आणि परत आणतो."

"जेट स्की? आपल्या वयात?"

"तीस वर्षं पोरांना 'धावू नका, धावू नका' म्हणत आले. आता एकदा मला धावायचंय." मग चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आणि तिथे जरा निवांत बोलताही येईल. या हॉटेलच्या भिंती म्हणजे कागद आहेत."

मशीनवर, भर समुद्रात, निवांत बोलायचं. धाकटीला हा निवांतपणा काही पटला नाही. दोघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. पण नाही म्हटलं तर विषय कळणार नव्हता, आणि विषय कळल्याशिवाय ती घरी जाऊन मशीनवर बसू शकली नसती.

किनाऱ्यावर एक लाकडी टपरी होती. बाहेर खुंट्यांवर जॅकेटं टांगलेली, आत एक टेबल, टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा. गाईड काटकुळा, उन्हाने रापलेला, नाकाला पांढरं मलम फासलेला. त्याने सही करायला पेन पुढे केलं. धाकटीने फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे एक नवं जोडपं उभं होतं, ते एकमेकांत इतकं गुंग होतं की त्यांनी न वाचताच सह्या केल्या.

"पोहता येत नसलं तरी चालतं?" धाकटीने विचारलं.

"चालतं. जॅकेट आहे ना."

"ती जॅकेटं तपासतं कोण?"

"रोज सकाळी तपासतो."

"कोण?"

"मीच," गाईड म्हणाला आणि उगाचच शिटीची दोरी नीट करू लागला. धाकटीने ते टिपून ठेवलं.

मग त्याने सगळ्यांना वाळूत उभं करून शिकवलं. त्याची मूठ वर गेली की थांबायचं. हात आडवा हलला की वेग कमी. मनगटाला लाल दोरी बांधायची. माणूस पडला की दोरी निसटते आणि मशीन आपोआप बंद पडतं. "आणि जॅकेटला तीन पट्टे," त्याने स्वतःच्या जॅकेटवर चापट्या मारून दाखवल्या. "वरचे दोन सुटले तर फार बिघडत नाही. खालचा सुटता कामा नये. पाण्यात खालचा पट्टा सुटला की जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली. पोहता येणाऱ्याला ठीक आहे. न येणाऱ्याला अवघड."

जोडप्याने जॅकेटं घेतली. बायकांच्या मापाची दोनच उरली, एक निळं आणि एक नारिंगी. धाकटीने दोन्ही खुंटीवरून काढली आणि उलटी करून टपरीच्या कठड्यावर पसरली. इतर माणसं कपडा बघतात, ती शिवण बघायची. निळं उत्तम होतं. पट्ट्याच्या टोकाला चौकोनी टीप, चौकोनात फुली, धागा नायलॉनचा. बैल बांधला तरी तुटला नसता. नारिंगीचे वरचे दोन पट्टेही तसेच. खालचा मात्र कधीतरी उसवला होता आणि कुणीतरी हाताने परत जोडला होता. साधा सुती धागा, तोही एकेरी, ब्लाउजला हूक लावावं तसा. खाऱ्या पाण्याने धागा कुजून करडा पडलेला. तिने नखाने हलकेच ओढलं तर दोन टाके मऊ भातासारखे वर आले.

रोज सकाळी तपासतो म्हणे. गाईडला आता चांगलंच फैलावर घ्यायचं म्हणून ती वळली. तेवढ्यात जाऊबाई तिच्या कानाशी आल्या.

"ऐक. तिकडे गेलो की एक बोलायचंय तुझ्याशी. चार दिवस धीरच होत नाहीये. घराबद्दल आहे."

धाकटीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. घराबद्दल. म्हणजे आपण उगाच संशय घेत नव्हतो. खिडकीची जागा, पंख्याखालचा पलंग, सगळ्याचा हिशोब आता होणार होता. तिच्या अंगाची नुसती आग झाली.

"झालं का तुझं तपासून?" जाऊबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे एक." आणि त्यांनी वर होतं ते नारिंगी जॅकेट उचललं. "निळं तुला राहू दे, तुला शोभतं."

हे नको, याचा पट्टा कच्चा आहे. एवढंच म्हणायचं होतं, सहा शब्द. धाकटीने ते गिळले. आणि गिळल्यावर, माणूस करतो तसं, ती स्वतःची समजूत घालू लागली. वरचे दोन पट्टे तर आहेत. पाण्यात पडतंय कोण? तपासायचं काम गाईडचं, आपलं नाही. अशी जॅकेटं लोक वर्षानुवर्षं घालत असतील. शिवाय आपण काही केलेलं नाही, फक्त बोललो नाही. जाऊबाईंनी तिन्ही बकलं लावली, तेव्हा ती समुद्राकडे बघत होती.

जाऊबाईंना वीस वर्षांची स्कूटरची सवय, म्हणून त्या पुढे बसल्या. मनगटाला लाल दोरी. धाकटी मागे. पुढे गाईडचं मशीन, मग जोडपं, मग या दोघी. पाणी आधी हिरवं होतं, मग निळं झालं, आणि मशीन प्रत्येक लाटेवर आपटू लागलं. मागे बसलेल्याने पुढच्याच्या कमरेला धरायचं असतं. धाकटीने धरलं, आणि तिची दहाही बोटं बरोबर त्या खालच्या पट्ट्यावर आली.

अठरा वर्षं जी बोटं कापडावरून फिरतात त्यांना डोळे लागत नाहीत. मशीन आपटलं की जाऊबाईंचं पोट पुढे जायचं, पट्टा ताणला जायचा, आणि बोटांखाली काहीतरी बारीक तुटल्याचं कळायचं. एक टाका गेला. पुढच्या लाटेला दुसरा. एकूण किती असतील? नऊ, फार तर दहा. दोन तर आपणच काढले. धाकटी मोजायची थांबली आणि तिने तो पट्टा दोन्ही मुठींत आवळून धरला. आता तो पट्टा धाग्याने नव्हे, तिच्या हातांनी जोडलेला होता.

"अगं, किती घट्ट धरशील?" जाऊबाई वाऱ्यात ओरडल्या. "मी कुठे पळून जात नाहीये." त्या हसत होत्या. धाकटीने त्यांना इतकं मोकळं हसताना थोरले दीर असतानाही पाहिलं नव्हतं. तिला ते हसू सहन होईना.

छोट्या बेटाच्या मागे पाणी अगदी थांबलेलं होतं. गाईडची मूठ वर गेली. मशिनं बंद झाली आणि कानात एकदम शांतता भरली. "दहा मिनिटं," गाईड म्हणाला. "उतरायचं असेल त्यांनी उतरा. इथे खोल आहे, पण जॅकेट तरंगवतं. हातपायही हलवायला नकोत." जोडप्याने हात धरून उडी मारली.

जाऊबाई बसल्या जागी अर्ध्या वळल्या. थोडा वेळ त्या लाल दोरीशी चाळा करत राहिल्या. मुख्याध्यापिकेला शब्द सापडत नाहीत, हे धाकटी पहिल्यांदा बघत होती.

"मला आईंना माझ्याकडे न्यायचंय," त्या म्हणाल्या. "कायमचं नाही म्हणत. सहा महिने. शाळा होती तोवर घर रिकामं आहे हे कळत नव्हतं. आता सकाळी सात वाजता तयार होऊन बसते आणि मग लक्षात येतं की कुठे जायचंच नाहीये. भिंतींशी किती बोलू? मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धाकटी हो म्हणाली तर येईन, तिला विचारल्याशिवाय मी हलणार नाही. म्हणून तुला विचारतेय."

धाकटीला आधी काही उमजेना. "आणि घर?" तिने विचारलं.

"घराचं काय?"

"तुम्ही म्हणालात घराबद्दल बोलायचंय."

"म्हणजे हेच की. आई घर सोडून येतील, तर तुला वाटायला नको की घरासाठी चाललंय. पुढची खोली तुझ्या नावावर करायचं आईंनी तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. त्यांचा हात कापतो म्हणून तो कागद मीच लिहिला, खाली सही त्यांची, साक्षीला तुझे दीर. त्याची प्रत आणलीय पाकिटात. तुला दाखवायचीच होती, पण तू बाहेर आलीस की मला वाटायचं, आधी विचारावं, मग दाखवावं. नाहीतर लाच दिल्यासारखं व्हायचं."

इतकी वर्षं धाकटी ज्या खोलीसाठी या बाईकडे संशयाने बघत होती, ती खोली याच बाईच्या अक्षरात तिची होऊन बसली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिला रडूही येईना, लाजच इतकी वाटत होती.

"लगेच सांगू नकोस, घरी जाऊन सांग," जाऊबाई म्हणाल्या आणि छातीवरचा भार उतरल्यासारख्या सैल झाल्या. "चल, मी उतरते जरा." त्यांनी एक पाय बाजूला टाकला. "खरं सांगू? किनाऱ्यावर माझी छाती धडधडत होती. म्हटलं, नको हे खूळ. पण तू ती जॅकेटं उलटी करून शिवण शिवण बघत होतीस ना, ते पाहिलं. म्हटलं, तपासनाक्यावरून सुटलंय म्हणजे पक्कंच असणार. म्हणून तर बसले मी."

त्यांचा पाय पाण्याला लागला, तेव्हा धाकटीने मागून पट्टा धरला. "थांबा. उतरू नका."

"का गं?"

"पट्टा कच्चा आहे."

जाऊबाईंनी खाली बघितलं. धाकटीच्या मुठीत पट्टा होता आणि तो जॅकेटापासून सुटून आला होता. टोकाला करड्या धाग्याचे तुकडे लोंबत होते. "अगंबाई," जाऊबाई म्हणाल्या. "आत्ता सुटला वाटतं. बरं झालं तू बघितलंस."

वाट आयती मोकळी झाली होती. हो, आत्ताच सुटला, एवढं म्हटलं की झालं असतं. वर आयुष्यभर जीव वाचवल्याचे उपकार. धाकटीने तोंड उघडलं आणि हो म्हणायला गेली, पण समोर जाऊबाईंचा चेहरा होता, आणि त्यात शोधूनही संशयाचा एक कण सापडत नव्हता.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "किनाऱ्यावरच बघितलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही उचललंत त्याच्या आधी."

लांब जोडपं पाणी उडवून खिदळत होतं. जाऊबाईंनी पाय सावकाश वर घेतला आणि दोन्ही हातांनी सीट धरली. "मी घराचं नाव काढलं म्हणून?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"हो," धाकटी म्हणाली.

मग तिने आपलं निळं जॅकेट काढलं आणि पुढे केलं. जाऊबाईंनी ते घेतलं. तिन्ही बकलं लावली आणि प्रत्येक पट्टा स्वतः दोनदा ओढून पाहिला. पाण्यात मात्र त्या उतरल्या नाहीत. धाकटीने नारिंगी अंगात घातलं आणि गाईडला हाक मारली. तो जवळ आला, पट्टा बघितला आणि खजील झाला.

"मीच शिवला होता गेल्या महिन्यात," तो म्हणाला. "घरात तेवढाच दोरा होता. चुकलं माझं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी धाकटीने त्याची खरडपट्टी काढली असती. आज तिला वाटलं, याने निदान शिवला तरी होता. गाईडने सीटखालून दोर काढला, तिच्या कमरेभोवती दोन वेढे देऊन जॅकेट गच्च बांधलं आणि आपण अगदी बाजूनेच येऊ असं सांगितलं.

येताना जाऊबाईंनी मशीन इतकं हळू चालवलं की जोडपं केव्हाच पुढे निघून गेलं. लाट दिसली की त्या वेग आणखी कमी करत. ते आपल्यासाठीच आहे हे धाकटीला कळत होतं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटत होतं. तिने जाऊबाईंच्या कमरेला धरलं नाही. सीटच्या मागे एक कडी होती, ती धरून ती बसली. आता 'धर की मला' असं जाऊबाई म्हणतील म्हणून तिने वाट पाहिली. त्या काही म्हणाल्या नाहीत.

किनाऱ्यावर उतरल्यावर गाईडने नारिंगी जॅकेट सगळ्यांदेखत कात्रीने उभं कापलं आणि कचऱ्याच्या पिंपात टाकलं. जाऊबाई टपरीच्या सावलीत बाकावर जाऊन बसल्या. धाकटी त्यांच्यापुढे उभी राहिली.

"आईंना घेऊन जा तुम्ही," ती म्हणाली. "सहा महिने काय, त्यांना हवं तितकं राहू दे. मी हो म्हणते."

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. याच एका होकारासाठी त्या चार दिवस धीर गोळा करत होत्या, आणि आता तो मिळाला तर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

ऊन तापलं होतं. त्यांचे ओठ खाऱ्या पाण्याने सुकले होते. धाकटी टपरीतल्या फ्रीजकडे गेली, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आली आणि एक त्यांच्या हातात दिली. जाऊबाईंनी बाटली घेतली. ती उन्हात धरून एकदा सगळीकडून पाहिली. मग झाकण कानाजवळ नेऊन हळूच फिरवलं. कट् असा आवाज झाला, आणि मग त्या पाणी प्यायल्या.